लग्नाच्या फोटोत कुत्रा हवा, पण मांडवात नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न उरकलं की सांगली-मिरजेत लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि हल्ली ऑर्डर घेताना एक प्रश्न हमखास येतो: "आमचा कुत्रा पण फोटोत पाहिजे, जमेल ना?" जमतं. आणि जमवावंही. दहा-दहा वर्षं घरात वावरलेला जीव अल्बममध्ये कुठेच नसेल तर घरच्यांना ते टोचतं, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यासाठी जी रीत पडत चालली आहे ती चुकीची आहे. कुत्र्याला शेरवानी चढवायची, गाडीत घालून कार्यालयात आणायचं, बँडसमोरून स्टेजवर न्यायचं आणि तीनशे माणसांपुढे "इकडे बघ, इकडे बघ" करायचं. आमच्यातला एक लग्नाचे फोटो काढतो, दुसरा जनावरांचा डॉक्टर आहे. दोघांचं म्हणणं एकच: कुत्र्यासोबतचे फोटो त्याच्या घरी, त्याच्या वेळेला, हळदीच्या आदल्या दिवशी किंवा हळदीच्या सकाळी पाहुणे यायच्या आत काढा. मंगल कार्यालयात त्याला आणूच नका.

मंगलाष्टकांचंच घ्या. अंतरपाट धरलेला असतो तोवर फार गोंधळ नसतो. शेवटचं 'सावधान' झालं की एका क्षणात अंगावर अक्षता पडतात, टाळ्या होतात, बँड उसळतो आणि दारात फटाक्यांची माळ लागते. माणसं त्याच क्षणाची वाट बघत असतात, कुत्र्याला त्याची काहीच कल्पना नसते. आपल्या कानाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचा, म्हणजे आपल्याला न कळणारे चिरके आवाजही त्याला ऐकू येतात. त्या दणक्यात तो पट्ट्याला हिसडा देऊन पळतो, आणि पळता आलं नाही तर जो हात जवळ असेल त्याला तोंड घालतो. शेजारी पेटत्या समया, होमाची तयारी, नवरीचा पदर आणि पायांत घुटमळणारी पोरं. यात कुत्र्याची चूक शोधणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नवरा-नवरीच्या एन्ट्रीला जमिनीलगत पांढरे ढग सोडतात, तो ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून ढग गुडघ्याच्या खाली पसरून राहतो. माणसाचं नाक पाच फुटांवर असतं. लॅब्रेडॉरचं नाक त्या ढगाच्या काठावर येतं आणि पग तर त्यात अख्खा बुडतो. बंद हॉलमध्ये हे फार वाईट. रंगीत धुराच्या नळकांड्या, ठिणग्यांची कारंजी, कागदाचे ब्लास्ट यांनाही तोच न्याय: कुत्रा आवारात असेपर्यंत यातलं काही पेटवायचं नाही.

फोटोच्या अंगानेही कार्यालय गैरसोयीचंच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातले एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कुत्र्याची मान, कान, शेपूट सतत हलतात, ते गोठवायला शटरचा वेग १/५०० सेकंद लागतो. आणि १/५०० ला त्या उजेडात फोटोवर आडवे काळे-पिवळे पट्टे येतात. पट्टे घालवायला १/१०० वर यावं तर कुत्र्याचं तोंड हललेलं येतं. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं तर पट्टे आणखी वाढतात. कॅमेऱ्यातल्या फ्लिकर (दिव्यांची ही लुकलुक) कमी करण्याच्या सोयीने थोडा फरक पडतो, पण स्टेजवर चार जातींचे दिवे एकत्र असले की तीही गोंधळते. आणि समोरून थेट फ्लॅश मारला तर कुत्र्याचे डोळे हिरवे-पिवळे चमकतात, कारण त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परत फेकणारा थर असतो. एडिटिंगमध्ये ते काळे करता येतात, पण डोळ्यातला जिवंतपणा जातो. अंगणातल्या सावलीत सकाळी आठ वाजता यातली एकही अडचण नसते.

ऊन हे तिसरं कारण. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि आपले मुहूर्त नेमके भरदुपारचे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं आणि ४१ च्या पुढे गेलं की जिवाशी खेळ. पग, शित्झू, बुलडॉग अशा आखूड नाकाच्या कुत्र्यांना धापाच नीट टाकता येत नाहीत, त्यांना सॅटिनचा सूट घालून पार्किंगमध्ये उभं करणं म्हणजे आजार ओढवून घेणं. फरसबंदी किंवा डांबर तापलंय का हे बघायला आपल्या हाताची पालथी बाजू ७ सेकंद जमिनीला टेकवून ठेवावी. हात उचलावासा वाटला तर तिथे कुत्र्याचा पाय टेकवायचा नाही. काचा लावलेल्या गाडीत "पाचच मिनिटं" तर कधीच नाही. कुत्रा लडखडायला लागला, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या तर फोटो तिथेच थांबवा. त्याला सावलीत घ्या, पोटावर, जांघेत आणि पंजांवर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आता घरी फोटो काढायचे ठरले, तर तयारी तीन-चार आठवडे आधीपासून करावी. एक छोटी चटई किंवा जुनं पायपुसणं घ्या. रोज दोन वेळा, पाच-पाच मिनिटं, त्यावर "बस" आणि "थांब" शिकवा. पहिल्या आठवड्यात १० सेकंद थांबला तरी पुष्कळ. चौथ्या आठवड्यात दोन मिनिटांपर्यंत जावं. फोटोच्या दिवशी तीच चटई जिथे टाकाल ती त्याची जागा, हे त्याला आपोआप कळतं आणि "इकडे ये, तिकडे जा" करत बसावं लागत नाही. चटईचा रंग जमिनीशी मिळता घ्यावा, म्हणजे फोटोत ती खुपत नाही.

या दिवसांत नवरीने एकदा तरी कडक शालू नेसून आणि हातभर बांगड्या घालून त्याच्याजवळ बसावं. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण घरचीच मुलगी त्या दिवशी कुत्र्याला अनोळखी वाटू शकते. जरीचा सळसळाट, चुड्याचा किणकिणाट, अत्तर, मेंदीचं तेल, केसातला गजरा, सगळंच नवं. कुत्रा माणूस ओळखतो तो आधी वासाने. म्हणून फोटोच्या आधी अत्तर नको, आणि नवरीने बसल्यावर आपला हात त्याला हुंगू द्यावा, मग अंगावरून फिरवावा.

नखं तीन-चार दिवस आधी काढून घासून घ्यावीत. त्याच दिवशी काढली तर कडा धारदार राहते आणि पैठणीच्या जरीत अडकते. शिवाय जास्त खोल कापलं गेलं तर नखातून रक्त येतं आणि ते सहज थांबत नाही. आंघोळ दोन दिवस आधी, कारण ताज्या धुतलेल्या केसांचा पिंजून कापूस झालेला असतो. त्याच दिवशी फक्त ओल्या कापसाने डोळ्यांच्या कडा पुसाव्यात आणि लॅब्रेडॉर असेल तर लाळ टिपायला एक सुती पंचा जवळ ठेवावा. गोचीड-पिसवांचं औषध आणि रेबीजची वार्षिक लस राहिली असेल तर हीच ती वेळ, फोटोच्या आदल्या दिवशी नव्हे.

त्या दिवशीचं जेवण तीन ते चार तास आधी आणि नेहमीपेक्षा थोडं कमी. उपाशी ठेवू नये, चिडका होतो. फोटोच्या अर्धा-पाऊण तास आधी त्याला नेहमीच्या रस्त्याने फिरवून आणावं, शी-शू झालेली असावी. बक्षिसाला उकडलेल्या कोंबडीचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे पन्नास-साठ करून डब्यात घ्यावेत. मोठा तुकडा दिला की तो चावत बसतो आणि पुढचे आठ-दहा फोटो तोंड हलतानाचे येतात.

सगळ्यात महत्त्वाचा माणूस कॅमेरा धरणारा नाही, पट्टा धरणारा. तो कुत्र्याच्या रोजच्या सवयीचा असावा, नवरा-नवरी नसावा, आणि त्या पाऊण तासात त्याला दुसरं एकही काम नसावं. "काका, जरा पाण्याच्या बाटल्यांचं बघा" असं कुणी म्हटलं की गडबड झालीच. पट्टा पाच-सहा फुटी, मळकट रंगाचा, बारीक. लाल-पिवळा जाड पट्टा फोटोतून पुसायला एडिटरला तासन्‌तास लागतात. कॅमेरा स्टँडवर ठेवून त्याच चौकटीचा एक फोटो कुत्र्याशिवाय काढून ठेवला तर पट्ट्यामागची जमीन आणि साडी त्यातून उचलता येते. पट्टा गळ्यातल्या कॉलरऐवजी छातीच्या हार्नेसला असावा. कॉलर असेलच तर आत दोन बोटं जातील इतकी सैल आणि मान मागे घेतली तरी निसटणार नाही इतकी घट्ट. कुत्रा कितीही शहाणा असला तरी पट्टा सोडून फोटो काढायचा की नाही, यावर आम्हा दोघांत एकमत नाही. फोटोवाला म्हणतो, चारी बाजूंनी कंपाऊंड आणि फाटकाला कुलूप असेल तर पाच मिनिटं सोडावा, चाल मोकळी दिसते. डॉक्टर म्हणतो, लग्नघरातलं कुलूप कुणीतरी उघडतंच.

बसण्याची पद्धत. नवरा-नवरी दोघं उभे आणि कुत्रा पायाशी, हा फोटो सगळे मागतात आणि तो सगळ्यात पडेल येतो. एक तर कुत्र्याला वर बघावं लागतं, आणि वरून दोन माणसं त्याच्यावर वाकली की त्याला ती दडपणारी वाटतात. चावण्याचे पुष्कळ प्रसंग असे वाकताना किंवा मिठी मारताना घडतात. त्यापेक्षा नवरीने पाटावर बसावं. नऊवारीला काष्टा असतो, मांडी घालून किंवा एक गुडघा टेकून बसणं सोपं जातं. सहावारीचा घोळ पसरतो आणि कुत्रा निऱ्यांवरच बसतो. चटई नवरीच्या शेजारी एका हाताच्या अंतरावर, कुत्र्याचं तोंड ती बघते त्याच दिशेला. गळ्यात हात टाकायचा नाही, पाठीवर किंवा छातीवर ठेवायचा.

कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा, म्हणजे फोटोवाल्याने जमिनीवर बसायचं किंवा पालथं पडायचं. आल्या आल्या लेन्स रोखायची नाही. मोठी लेन्स म्हणजे त्याला टक लावून बघणारा एक मोठा डोळाच दिसतो. कॅमेरा जमिनीवर ठेवून पाच मिनिटं हुंगू द्यावा, दोन-चार वेळा शटर वाजवून लगेच खाऊ द्यावा. व्हिडिओवाल्याने गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी दांडी) घेऊन सरळ तोंडावर चालत येऊ नये, बाजूने अर्धगोल वळणाने यावं. ड्रोन या पाऊण तासात पेटीतच राहू द्यावा.

अॅपर्चरबाबत, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ठेवायचं याबाबत, एक चूक अनेक होतकरू मुलं करतात. मागचं सगळं धूसर करायच्या नादात एफ १.८ ठेवतात (आकडा लहान तितकं भोक मोठं). फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स, दोन मीटर अंतर आणि एफ १.८ असेल तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. कुत्र्याच्या नाकापासून डोळ्यापर्यंतच त्याहून जास्त अंतर असतं. डोळा स्पष्ट तर नाक पुसट, आणि शेजारची नवरी तर पारच गेली. एफ ५.६ वर तीच खोली १८-१९ सेंटिमीटर होते. म्हणून दोघांचे डोळे एका रेषेत आणा आणि ४ ते ५.६ च्या मध्ये राहा. शटर बसलेल्या कुत्र्याला १/५००, चालत्याला १/१०००, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, लागेल तितका वाढवा. फोकस सलग चालणाऱ्या मोडवर. नव्या कॅमेऱ्यांत प्राण्यांचे डोळे ओळखण्याची सोय आहे, पण माणूस आणि कुत्रा एकाच चौकटीत असले की फोकस कधी इकडे कधी तिकडे उडी मारतो. तेव्हा ती सोय बंद करून बिंदू स्वतः कुत्र्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवलेला बरा.

रंगाचं वेगळं गणित आहे. काळा लॅब्रेडॉर आणि पिवळ्या साडीतली नवरी एकत्र असतील तर नवरीच्या हिशोबाने उजेड धरल्यावर कुत्रा म्हणजे दोन डोळे नसलेला काळा डाग होतो. उजेड बाजूने येईल असं बसवावं, म्हणजे केसांवर चकाकी येते, आणि कुत्र्याच्या बाजूला खुर्चीवर पांढरी धुवट चादर टाकावी, खाली परत उजेड मिळतो. चंदेरी रिफ्लेक्टर नको, तो वाऱ्याने फडफडतो आणि कुत्रा बिचकतो. पांढऱ्या स्पिट्झचं उलट: पाऊण स्टॉप (उजेडाचं माप; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी ठेवावा, नाहीतर केसांचा पोत जळून सपाट पांढरा पडतो. पिवळी साडी किंवा पिवळी भिंत जवळ असेल तर त्याच्या हनुवटीखाली पिवळी झाक येते, आणि ती एकाच बाजूला असल्यामुळे व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) बदलून जात नाही. दोन पावलं लांब बसवणं हाच उपाय.

लक्ष वेधायला वाजणारं खेळणं चांगलं, पण तीन-चारदाच. पाचव्यांदा तो ढुंकूनही बघत नाही. म्हणून आधी सगळी चौकट जुळवायची, माणसांचे चेहरे ठीक करायचे आणि मग एकदाच वाजवायचं. वाजवणारा लेन्सच्या अगदी मागे असावा, बाजूला असला तर सगळ्या फोटोंत कुत्रा भलतीकडे बघतो. हिरवळीवर लाल चेंडू दाखवू नये. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल त्याला हिरव्यातून वेगळा काढता येत नाही.

आपल्या भागात, विशेषतः जत-आटपाडीकडे आणि माण-खटावच्या बाजूला, कारवानी (लांब पायांचा देशी शिकारी कुत्रा) पाळणारी घरं आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं लिहितो. कारवानीला "बस" म्हणून छळू नका. लांब पाय, खोल छाती आणि मागच्या मांड्यांचे घट्ट स्नायू यामुळे कडक फरशीवर बसणं त्याला अवघड जातं. बसला तरी पाठ वाकवून, कान पाडून बसतो आणि फोटोत आजारी दिसतो. त्याची शोभा उभं राहण्यात आहे. पूर्ण बाजूने घ्या, मान वर, पोटाची कमान दिसू द्या, नवरा शेजारी उभा. नाहीतर गोधडीवर पाय पसरून पडलेला घ्या. पळतानाचा फोटो हवाच असेल तर शटर १/२००० आणि मैदान बंदिस्त. समोरून शेळी किंवा ससा दिसला की त्याला हाक ऐकू येत नाही. अंगावर चरबी आणि केस दोन्ही कमी, त्यामुळे पौष-माघाच्या पहाटे तो थरथरतो. ते भीतीचं नसेल, थंडीचं असेल. शाल टाकून बघा.

भीती ओळखायची कशी, हे प्रत्येक फोटोवाल्याला यायला हवं. पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागे चिकटलेले, शेपूट पायांत, मान न वळवता तिरकं बघून डोळ्याचं पांढरं दाखवणं, आणि आवडीचा खाऊ पुढे केला तरी न घेणं. तोंड उघडं आणि जीभ बाहेर म्हणजे हसतोय असं समजून फोटो काढत राहतात. ओठांचे कोपरे ताणलेले आणि कपाळावर आठ्या असतील तर तो त्रासलेला असतो. यातलं काहीही दिसलं की दहा मिनिटं सुट्टी, पाणी, एक चक्कर. दुसऱ्यांदा दिसलं तर त्या दिवशीचं काम संपलं. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं आणि एकूण पाऊण तास, याच्यावर कुठलाच कुत्रा टिकत नाही, आणि चांगले फोटो बहुतेक पहिल्या वीस मिनिटांतच मिळालेले असतात. घाबरट कुत्र्याला उरलीसुरली झोपेची गोळी देणारे लोक आहेत. नुसत्या गुंगीच्या औषधाने अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. खरंच गरज असेल तर डॉक्टरांशी दोन आठवडे आधी बोला, म्हणजे औषध एकदा घरी देऊन बघता येतं.

हळदीबद्दल. हळद सांगलीची शान आहे, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, तेव्हा कुत्र्याच्या कपाळालाही बोट लावावंसं वाटणार. घरची शुद्ध हळद असेल तर एक बोट चालेल, डोळ्यांपासून लांब. पाकिटातली सुगंधी उटणी, कुंकू, गुलाल नको, तो चाटणारच. पांढऱ्या कुत्र्यावर हळदीचा डाग आठवडाभर राहतो, उन्हात हळूहळू उडतो, घासून जात नाही. मेंदी ओली असताना त्याला जवळ आणू नये. कोनात निलगिरीचं तेल असतं, ते कुत्र्याला बाधतं.

हार घालायचा तर झेंडूचा, सैल, दोन मिनिटांपुरता. शेवंती टाळा, खाल्ली तर लाळ आणि उलट्या होतात. कण्हेर तर घरातल्या परडीतही नको, ती विषारी आहे. मुंडावळ्या कुत्र्याला बांधू नयेत. मोती आणि जरीचा दोरा गिळला तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची पाळी येते. कपड्यांबाबत डॉक्टरचं मत "काहीच नको", फोटोवाला गळ्यात एक सुती उपरणं चालवून घेतो. केसांना रंग लावणं दोघांनाही मान्य नाही.

आणि बेदाणा. तासगाव-सांगलीच्या घरात तो कुठे नसतो? मसालेभातात, शिऱ्यात, आहेराच्या पुड्यात, डब्यात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे अपाय होईल याचा भरवसा नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडेही भोवतात. उलट्या, सुस्ती, लघवी कमी होणं ही लक्षणं एक-दोन दिवसांत दिसतात, म्हणून लक्षणांची वाट न बघता खाल्ल्याचं कळताच डॉक्टर गाठावा. कांदा-लसूण मसाल्याचं कालवण, चॉकलेट, बिनसाखरेची च्युइंगगम यांचाही धोका आहे. लग्नघरात प्रेमाने घास देणारे पन्नास हात असतात. "याला कुणी काही देऊ नये" अशी पाटी त्याच्या खोलीच्या दारावर लावायला लाजू नका.

याच कारणाने द्राक्षबागेतलं प्री-वेडिंग शूट कुत्र्यासोबत करू नये. जानेवारी ते मार्चमध्ये घडं खाली लोंबतात, पडलेले मणी तो टिपतो, आणि पानांवर फवारणीचा थर असतो तो वेगळाच. उसाच्या फडाच्या कडेला तिन्हीसांजेला घोणस असते. साताऱ्याकडे जाणाऱ्यांनी कासच्या पठारावर कुत्रा नेऊ नये. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथली इवली झाडं तुडवली जातात; आणि कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखे साथीचे आजार कोल्ह्या-खोकडांना जातात. सागरेश्वर अभयारण्यात हरणं आहेत, तिथेही तेच. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर फोटोला फार सुंदर, पण खोल आणि पायऱ्यांची, पट्ट्याला हिसडा बसला तर दोघंही जातील. बाहेरच जायचं तर सकाळी सात वाजता हरिपूरच्या संगमाजवळची सावली किंवा स्वतःचं शेत बरं. घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर मात्र उतरवू नका.

फोटो झाले की लग्नाच्या दिवशी कुत्रा कुठे राहणार, हेही आधीच ठरवा. मांडववाले, आचारी, फुलवाले यांच्या येण्याजाण्यात फाटक दिवसभर उघडं राहतं आणि कुत्रा हरवतो तो याच दिवशी. एक आतली खोली, पंखा, पाणी, त्याची रोजची गोधडी, गळ्यात घरच्याचा फोन नंबर कोरलेला बिल्ला, आणि दर दोन तासांनी फिरवायला ठरलेला एक माणूस. वरातीच्या वेळी खिडक्या बंद. कुणाला चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवावी आणि कुत्र्याला लस दिलेली असली तरी सरकारी दवाखान्यात दाखवावं. "घरचाच आहे" म्हणून सोडू नये.

फोटोवाल्या बंधूंना विनंती, ऑर्डरच्या वहीतच वेगळी ओळ लिहून घ्या: कुत्र्यासह पाऊण तास, तारीख, वेळ, पट्टा कोण धरणार, आणि कुत्रा घाबरला तर फोटो थांबवण्याचा अधिकार फोटोवाल्याचा. ही ओळ आधी लिहिलेली असली की ऐनवेळी "स्टेजवर एक तरी घ्या" म्हणणाऱ्या मामांना सांगायला सोपं जातं. भाड्याने हस्की आणून शूट करून देणाऱ्यांची कामं घेऊ नका. बर्फातल्या केसांचं ते जनावर सांगलीच्या उन्हात उभं करणं क्रूरपणा आहे, आणि त्या फोटोत ज्याला मिठी मारली आहे तो त्या घराचा कुणीच नसतो.

कार्यालयाच्या मालकांकडेही एक मागणं आहे. काही घरं लांबून येतात, कुत्र्याला ठेवायला कुणी नसतं, तेव्हा तो कार्यालयात येणारच. स्टेज आणि जनरेटरपासून लांब, मागच्या बाजूची एक खोली, कडी लागणारं दार, पंखा आणि बादलीभर पाणी एवढी सोय करता आली तर पुष्कळ झालं. फटाक्यांची माळ त्या बाजूला लागणार नाही, एवढं मात्र मांडववाल्याला बजावून ठेवावं.

आपले नम्र,
एक लग्न-छायाचित्रकार व एक पशुवैद्यक,
सांगली